एअरब्रशने स्टीलची चमक: पहिला सराव

एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, चंदेरी रंग फवारला की धातू दिसेल, असं वाटतं. दिसतं ते रंगवलेलं राखाडी प्लास्टिक. चकचकीत स्टील आजूबाजूला जे असेल तेच दाखवतं. ओट्यावरचा स्टीलचा पेला बघा: एक काळी उभी पट्टी, तिला खेटून खिडकीची पांढरी पट्टी, मधली सीमा सुरीने कापल्यासारखी. पांढऱ्याची दुसरी बाजू मात्र हळूहळू राखाडीत विरते. हे जमलं की काळा, पांढरा आणि चिमूटभर निळा एवढ्यावर भागतं.

डबल ॲक्शन (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), वर रंगाचा कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा (रंग बाहेर पडायचं टोक) एअरब्रश घ्या. हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला ३ लिटरची टाकी, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर हवाच. टाकी नसेल तर हवा धडधडत येते. पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी वरचेवर काढा, नाहीतर कामावर थेंब पडतो. दाब १८ ते २० पीएसआय (दाबाचं एकक). ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून जुन्या नायलॉन मोज्यातून गाळा. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलटं केलं की पुढच्या फवाऱ्याला सुरुवातीलाच डाग पडतो.

जाड कार्डावर ४ सेंमी रुंद उभी पट्टी सोडून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. हा आपला पाइप. आधी सगळीकडे फिकट राखाडी. वाळल्यावर डाव्या कडेपासून १ सेंमीवर सरळ कापलेलं कार्ड घट्ट दाबून धरा, त्याचा उरलेला भाग उजवीकडे झाका. ५ ते ७ सेंमीवरून काळा असा मारा की अर्धा फवारा कार्डावर पडेल. कार्ड जरा जरी उचललं गेलं तरी धार गेलीच. काळा वाळला की कार्ड त्याच रेषेवर ठेवून आता काळी बाजू झाका आणि उजवीकडे पांढरा मारा. उजव्या कडेला काळा मोकळ्या हाताने, पण अगदी काठाशी २ मिमी राखाडी राहू द्या. त्यानेच गोलाई येते. निळा शेवटी, पांढऱ्याच्या विरत्या बाजूला, जेमतेम दिसेल इतकाच.

काळ्यावर पांढरा पातळ गेला तर निळसर दिसतो. स्टीलला ते शोभतं. पितळ करताना मात्र घात होतो, म्हणून तिथे काळ्याऐवजी गडद तपकिरी, मध्ये पिवळ्या मातीचा रंग (यलो ऑकर) आणि चमकेला फिकट पिवळा वापरा.

रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो फार पातळ आहे किंवा हात फार जवळ आहे. खरखरीत पडला तर हात लांब आहे किंवा रंग वाटेतच सुकतोय. एअरब्रश मध्येच थुंकला तर आतल्या सुईच्या टोकावर रंग वाळलाय. थिनरमध्ये (रंग पातळ करायच्या द्रवात) बुडवलेल्या ब्रशने टोक पुसा. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा चिरलाय. हाताने कसून बघा, पक्कड लावू नका.