मराठी संकेतस्थळ स्क्रीन रीडरला वाचता यावे म्हणून काय करावे

मराठी संकेतस्थळ दृष्टिहीन वाचकांसाठी सुगम्य करायचे असेल, तर कोड उघडण्याआधी मजकूर तपासावा लागतो. आपल्याकडे कृतिदेव, शिवाजी किंवा श्री-लिपीचे जुने फाँट वापरून वर्षानुवर्षे टंकलेखन झाले आहे. अशा मजकुरात पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते रूप दिसत नाही, तो अक्षराचा संकेतांक वाचतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या कानावर निव्वळ निरर्थक अक्षरे पडतात. परीक्षा सोपी आहे: पानावरचा एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तो रोमन अक्षरांत उमटला, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्यावा आणि बदलल्यानंतर रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीत, कारण रूपांतर करताना नेमकी तीच तुटतात.

पीडीएफलाही हीच कसोटी लावावी. कागद स्कॅन करून चढवलेली जाहीर सूचना हे केवळ चित्र असते. युनिकोडमधून तयार केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा मात्रा अनेकदा जागा सोडतात. माझे मत स्पष्ट आहे: महत्त्वाची सूचना साध्या वेबपानावरच लिहावी आणि पीडीएफ सोबत जोडावी.

त्यानंतर पानाची भाषा घोषित करावी. एचटीएमएलच्या मुख्य टॅगमध्ये मराठीचा 'एमआर' (mr) हा संकेत द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. तयार साच्यातून बनवलेल्या पानांवर तिथे बहुधा इंग्रजीचा संकेत राहून जातो आणि उच्चार बिघडतात. मजकुरात इंग्रजी परिच्छेद आला, तर तेवढ्या भागाची भाषा वेगळी नोंदवावी.

आता प्रत्यक्ष ऐकून पाहावे. विंडोजवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ते सुरू करून माउस बाजूला ठेवावा. 'एच' दाबल्यावर एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाता आले पाहिजे. अक्षरे नुसती ठळक करून केलेली शीर्षके इथे सापडत नाहीत. इन्सर्ट आणि एफ७ दाबून दुव्यांची यादी उघडावी. त्या यादीत 'येथे क्लिक करा' हेच शब्द दहादा येत असतील, तर ऐकणाऱ्याला कोणता दुवा कुठे नेतो ते कळणार नाही; 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असे लिहावे. चित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या मजकुरात, चित्र सांगत असलेली गोष्ट मराठीत लिहावी: सूचनेचे पोस्टर असेल, तर 'पोस्टर' एवढे न लिहिता तारीख, ठिकाण, वेळ सगळे द्यावे. निव्वळ सजावटीच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती अर्जात. रकान्याचे नाव त्या रकान्याला कोडमध्ये जोडलेले असावे. रकान्यात फिकट अक्षरांत दिलेली सूचना टंकन सुरू होताच नाहीशी होते, त्यामुळे ती नावाची जागा घेऊ शकत नाही. चूक झाल्यास रकाना लाल करून थांबू नये, काय चुकले ते शब्दांत सांगावे. केवळ चित्रातील कॅप्चा (समोर माणूसच आहे हे पडताळण्यासाठी ओळखायला दिलेली अक्षरे) ठेवणे म्हणजे दृष्टिहीन व्यक्तीला दारातूनच परत पाठवणे आहे.

हे सौजन्य म्हणून करायचे काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सेवा सुगम्य करण्याविषयीचे कलम ४६ सरकारी तसेच खासगी सेवा पुरवठादारांना लागू आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 'डबल ए' स्तराला धरून आहेत. त्यात साध्या अक्षरांसाठी अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील तफावतीचे प्रमाण किमान ४.५:१ लागते. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याच्या केवायसीतील अटीचा प्रश्न ज्या प्रकरणात आला, त्यात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

अक्षरे मोठी करणारे तयार बटण पानाच्या कोपऱ्यात बसवल्याने वरील एकही दोष दूर होत नाही. स्वयंचलित तपासणीही पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच सांगते, तो अर्थपूर्ण आहे का हे सांगत नाही. म्हणून रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला मोबदला देऊन एक पूर्ण काम, उदाहरणार्थ अर्ज भरून पावती मिळवणे, आपल्यासमोर करायला सांगावे, आणि ती जिथे थांबेल तिथून दुरुस्ती सुरू करावी.