टॉवर बांधावर सरकला आणि बोलणी पुढे गेली

400 केव्ही (4 लाख व्होल्ट) विजेच्या लाइनचा एक टॉवर आखणीनुसार ऐन शेताच्या मधोमध येत होता. जमीनमालकांनी सर्व्हेचे खुंटे उपटून बांधावर नीट रचून ठेवले होते. तीन बैठका मी मोबदल्यावरच बोलत राहिलो. तिथेच चुकलो.

चौथ्या वेळी कराराचे कागद गाडीतच ठेवले आणि म्हणालो, "आधी शेत दाखवा." एका जागी थांबून त्यांनी पायाने माती दाबली. "इथून पाइपलाइन जाते. क्रेन आली की फुटणार. आणि मधे चार पाय रोवलेत तर ट्रॅक्टर वळवू कुठे?"

टॉवर लाइनच्याच रेषेत मागे घेतला की कोन बदलत नाही, बाजूच्या नव्या जमिनीला हात लागत नाही. मात्र शेजारच्या दोन गाळ्यांची (दोन टॉवरमधल्या अंतरांची) लांबी बदलते, म्हणून तारेचा झोळ पुन्हा तपासावा लागतो. तार तापली की लांबते आणि खाली येते. लाइनखालच्या झाडांच्या उंचीला मर्यादा असते ती त्यासाठीच. हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं त्यांना! डिझाइनवाल्यांनी हिशेब केला आणि टॉवर 22 मीटर सरकून बांधावर गेला.

मग करारात लिहून घेतलं: काम पीक निघाल्यावरच, यंत्रं एकाच वाटेने, वरची सुपीक माती वेगळी काढून शेवटी परत पसरायची, पाइप फुटला तर दुरुस्ती आमची.

सहीआधी त्यांनी एक ओळ वाढवायला सांगितली: फाटक उघडलं की लावायचं. ती मी पहिल्याच कलमात घातली.