लहान मूल आणि कुत्रा असलेल्या घरासाठी सेफ्टी गेट कसे निवडावे

रांगते मूल आणि कुत्रा एकाच घरात असले की सेफ्टी गेटला दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या जोरांना तोंड द्यावे लागते. मूल गेट धरून उभे राहते, ते गदागदा हलवते, कडीशी बोटांनी खेळत राहते आणि दर महिन्याला तिचे रहस्य थोडे अधिक उलगडते. कुत्रा कडीच्या वाटेला सहसा जात नाही. दाराची घंटा वाजताच तो धावत येऊन सगळ्या वजनानिशी गेटवर आदळतो, पुढचे पाय वर टेकवतो, खालच्या फटीत नाक घालून ते उचलू पाहतो आणि कंटाळला की गज चावत बसतो. म्हणून मुलाला उत्तम रीतीने अडवणारे गेट कुत्र्यापुढे टिकेलच असे नाही, आणि कुत्र्यासाठी म्हणून विकले जाणारे गेट मुलासाठी सुरक्षित असेलच असेही नाही. यात तिसरा घटक असतो तो घरातल्या मोठ्या माणसांचा. एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली असताना जे गेट सहज उघडता आणि लावता येत नाही, ते काही दिवसांतच अर्धवट उघडे राहू लागते. माझ्या मते गेटची निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

आधी जागा ठरवावी

गेट भिंतीला बसवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एका प्रकारात रबरी टोकांचे चार बोल्ट दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाबून गेट अडकवले जाते. दुसऱ्या प्रकारात ते बिजागऱ्या आणि स्क्रू वापरून भिंतीत किंवा चौकटीत पक्के बसवले जाते. जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूने बसवलेलेच गेट हवे, आणि यात कोणतीही तडजोड करू नये. दाबाने बसणारे गेट केवळ घर्षणाच्या आधारावर उभे असते, रोजच्या हलवण्याने त्याचे बोल्ट सैल होत जातात आणि एखाद्या दिवशी मुलासह किंवा कुत्र्यासह ते जिन्यावर कोसळू शकते. शिवाय अशा बहुतेक गेटांना जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. खोलीच्या दारात तिची सवय होते, पण जिन्याच्या तोंडाशी मूल कडेवर घेऊन जाणाऱ्या माणसाचा पाय तिला अडखळला तर परिणाम गंभीर होतो. वरचे गेट नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे खोलीकडे उघडावे; जिन्यावर उघडणारे गेट ढकलताना माणसाचा तोल पुढे जातो. दोन्ही दिशांना उघडणाऱ्या अनेक गेटांबरोबर एका दिशेला अडवणारा तुकडा मिळतो, तो इथे न विसरता लावावा.

जिन्याच्या पायथ्याशी दाबाचे गेट चालू शकते, परंतु कुत्रा मध्यम किंवा मोठ्या चणीचा असेल तर तिथेही स्क्रूचे गेट घेणे मला अधिक योग्य वाटते. हे गेट जमिनीवर किंवा पहिल्या पायरीवरच असावे. दोन-तीन पायऱ्या वर बसवले तर मूल तिथपर्यंत चढते आणि मागे पडते. स्वयंपाकघराच्या किंवा खोलीच्या दारात दाबाचे गेट पुरेसे असते, मात्र त्याच्या चारही टोकांसाठी मिळणाऱ्या लहान वाट्या स्क्रूने किंवा चिकटपट्टीने भिंतीला लावूनच ते बसवावे. बोल्ट या वाट्यांमध्ये बसले की गेट घसरत नाही. पुष्कळ लोक या वाट्या खोक्यातच ठेवून देतात, आणि कुत्र्याच्या पहिल्याच धडकेत गेट जागा सोडते.

माप आणि भिंत

दाराची रुंदी तीन ठिकाणी मोजावी: गेटचा खालचा भाग जिथे येईल तिथे, मध्यावर आणि त्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर. भिंती दिसतात तितक्या सरळ नसतात, आणि जमिनीलगतच्या स्कर्टिंगमुळे खालची रुंदी वरच्यापेक्षा एक-दोन सेंटीमीटरने कमी भरते. रुंदी जास्त असेल तर त्याच उत्पादकाचे, त्याच गेटसाठी बनवलेले जोडतुकडे वापरावेत आणि त्याने सांगितलेली मर्यादा ओलांडू नये, कारण गेट जितके रुंद तितके ते मधोमध अधिक लवचिक होते. नेमका तिथेच कुत्रा आदळतो.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य आकाराचा प्लग ठोकून त्यात स्क्रू घट्ट बसतो. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीत नुसत्या बोर्डात पिळलेला स्क्रू काही आठवड्यांत सैल होतो. तिथे आतली लाकडी किंवा धातूची चौकट शोधून तिच्यातच स्क्रू घालावा, किंवा त्या चौकटीला आधी एक जाड लाकडी पट्टी बसवून तिच्यावर गेट लावावे. एका बाजूला भिंतीऐवजी जिन्याचा कठडा असेल तर त्याच्या खांबाला आवळून बसणारे क्लॅम्प मिळतात. कठड्याच्या बारीक गजात थेट स्क्रू घालणे टाळावे, कारण त्याने गज तडकतो आणि गेटबरोबर कठडाही कमकुवत होतो.

मुलाच्या दृष्टीने काय पाहावे

वेष्टनावर मुलांच्या गेटसाठीच्या मानकाचा उल्लेख आहे का, हे सर्वांत आधी वाचावे. युरोपात ईएन 1930 हे मानक आहे. अमेरिकेत एएसटीएम एफ 1004 हे मानक पूर्वी ऐच्छिक होते. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्यावर आधारित नियम 2020 मध्ये केला आणि 2021 पासून तो बंधनकारक झाला. या अमेरिकी मानकानुसार गेट किमान 56 सेंटीमीटर उंच असावे लागते आणि सुमारे 13.6 किलो वजनाइतका जोर लावला तरी ते जागेवरून निघता कामा नये. ही दोन्ही मानके दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचा विचार करून आखलेली आहेत. तेव्हा 25 किलोच्या धावत्या कुत्र्याची धडक या चाचणीत गृहीत धरलेली नाही, हे लक्षात ठेवूनच पुढची पायरी गाठावी.

गज उभे असावेत आणि त्यांच्यामधले अंतर 6 सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे, म्हणजे मुलाचे डोके किंवा धड त्यातून जाणार नाही. आडव्या पट्ट्या असलेले गेट दिसायला सुबक असते, परंतु मुलासाठी ती शिडीच ठरते. गेट आणि जमीन यांच्यातली फट 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असू नये. जुनी गेटे घेताना विशेष काळजी हवी: लाकडी पट्ट्यांची, घडीची, ताणली की वरच्या कडेला इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा आणि मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची भोके पडणारी गेटे अमेरिकेत 1985 नंतर बनवणे थांबले, कारण त्या खाचांत मुलांची मान अडकून मृत्यू झाले होते. असे गेट कोणी प्रेमाने देऊ केले तरी ते वापरू नये.

कुत्र्याच्या दृष्टीने काय पाहावे

नेहमीचे गेट साधारण 75 सेंटीमीटर उंच असते. कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून तो किती उडी मारेल याचा अंदाज लागत नाही. तो जागच्या जागी, न धावता, पलंगावर किंवा सोफ्यावर किती सहज चढतो ते पाहावे. चपळ कुत्र्यासाठी 90 ते 105 सेंटीमीटर उंचीचे गेट घ्यावे, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला तर अवश्य घ्यावे, कारण तिथे गेट ओलांडणारा कुत्रा पलीकडे थेट पायऱ्यांवर उतरतो. जास्त उंचीच्या गेटमधून चालत जाण्यासाठी दार असले पाहिजे. दार नसलेले गेट ओलांडून जाणे मोठ्यांसाठीही धोक्याचे असते.

मांजर किंवा छोटा कुत्रा जावा म्हणून काही गेटांत खालच्या बाजूला लहान झडप ठेवलेली असते. ज्या भोकातून कुत्रा जातो त्यातून रांगते मूल जाऊ शकते, किंवा अधिक वाईट म्हणजे त्यात त्याचे डोके अडकू शकते. मूल लहान असेपर्यंत असे गेट घरात नकोच, किंवा त्या झडपेला पक्की कडी लावून ती बंद ठेवावी. जमिनीवर नुसती उभी राहणारी, पाळीव प्राण्यांसाठीची घडीची गेटे शांत कुत्रा मानतो, पण त्यांना धरून उभ्या राहू पाहणाऱ्या मुलाच्या अंगावर ती पडतात.

चावण्याची सवय असलेल्या पिल्लासाठी धातूचे गेट बरे. लाकडाच्या ढलप्या त्याच्या तोंडात जातात आणि कुरतडलेल्या कडा मुलाला बोचतात. गुंडाळली जाणारी जाळीची गेटे रुंद जागेत सोयीची असतात आणि त्यांना खाली पट्टी नसते, परंतु नखांनी जाळी फाटते आणि कुत्रा नाकाने तिची खालची कड उचलून बाहेर पडतो. जोरकस कुत्रा असलेल्या घरासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

कडी

कडी एका हाताने उघडणारी, पण दोन वेगवेगळ्या क्रिया एकत्र मागणारी असावी: उदाहरणार्थ, बटण मागे सरकवून मग दार उचलणे. नुसते उचलून उघडणारे दार काही कुत्रे नाकाने उघडायला शिकतात. आपोआप बंद होणारे दार मला अत्यावश्यक वाटते, मात्र ते धाडकन बंद होणारे नसावे. मुलाची बोटे आणि कुत्र्याची शेपटी दोन्ही त्यात सापडू शकतात. कडी पूर्ण लागली की स्पष्ट आवाज यावा. शक्य असेल तर खरेदीपूर्वी कडेवर मूल किंवा तेवढे ओझे घेऊन, उरलेल्या हाताने गेट चार-पाच वेळा उघडून पाहावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसालाही ते उघडायला सांगावे.

बसवल्यानंतर

मुलाला किंवा कुत्र्याला जवळ येऊ देण्याआधी गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी गेट जोराने ढकलून, ओढून आणि वर उचलून पाहावे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बोल्ट आणि स्क्रू तपासावेत. कुत्र्याच्या पट्ट्याला लोंबणारे बिल्ले गजांत अडकू शकतात. गेटजवळ तो एकटा राहणार असेल तर पट्टा काढून ठेवावा.

कुत्र्याला गेटची ओळख हळूहळू करून द्यावी. सुरुवातीला आपण त्याच्याच बाजूला बसून, दार क्षणभर लावून, त्याला आवडता खाऊ द्यावा आणि हा वेळ वाढवत न्यावा. एकदम कोंडलेला कुत्रा गेटमागे अस्वस्थ होऊन भुंकू लागतो आणि ती चिडचिड पलीकडच्या मुलाशी जोडली जाण्याचा धोका असतो. त्याच्या बाजूला अंथरूण आणि पाणी असावे, आणि अन्नाचे भांडे गेटपासून लांब ठेवावे, म्हणजे गजांतून आलेला मुलाचा हात त्याच्या जेवणापर्यंत पोहोचणार नाही. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, वारंवार जांभया देतो किंवा अंग ताठ करून स्थिर उभा राहतो, तेव्हा मुलाला तिथून दूर न्यावे. लगतच्या दोन दारांत दोन गेटे बसवून मध्ये मोकळी जागा ठेवता आली तर बोटे आणि नाक यांची भेटच होत नाही. एवढे करूनही दोघांना मोठ्या माणसाच्या नजरेबाहेर एकमेकांजवळ सोडू नये. गेटमुळे दार उघडायला किंवा चूल बंद करायला मोकळीक मिळते, मुलाकडे पाहणारे डोळे मिळत नाहीत.

मूल दोन वर्षांचे झाले, त्याची उंची 90 सेंटीमीटरच्या आसपास पोहोचली किंवा त्याने गेट एकदा जरी चढून किंवा उघडून दाखवले, की मुलासाठीचा त्याचा उपयोग संपतो. अशा वेळी अधिक उंच गेट लावू नये, कारण तेवढ्याच अधिक उंचीवरून मूल पडते; ते काढून त्याला हात धरून जिना उतरायला शिकवावे. कुत्र्याच्या विश्रांतीच्या खोलीचे गेट मात्र, मूल ते चढत नसेल तोवर, राहू द्यावे.