आजीच्या टॅबवर लग्नाचा व्हिडिओ अडकत होता, तो असा सुटला

बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आजीच्या जुन्या टॅबवर टाकला, तर आवाज येई पण चित्र थिजलेलं. आजी पुन्हा पुन्हा स्क्रीनला बोट लावून बघायची. मला फार वाईट वाटलं.

फाइलची माहिती उघडली: एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत), १०-बिट (रंगांच्या जास्त छटा), फोर-के, सेकंदाला ६० फ्रेम. आधी नुसतं रिझोल्यूशन उतरवलं. काही फरक पडला नाही, कारण खरी अडचण कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीची होती. टॅबच्या चिपला १०-बिट एचईव्हीसी झेपतच नव्हतं.

मग हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर एच.२६४ (जुना कोडेक) घेतला, तोही साधा ८-बिटवाला. टॅबचा स्क्रीन १२८०×८०० आहे, म्हणून ७२०पी, ३० फ्रेम. क्वालिटी आरएफ २१ (आकडा लहान केला की चित्र सुधारतं, फाइल फुगते). आवाज एएसी स्टिरिओ, फाइल एमपी४. अख्खा व्हिडिओ काढण्याआधी एकच मिनिट एक्स्पोर्ट करून टॅबवर चालवून बघा, तासभर वाचतो.

मेमरी कार्ड एफएटी३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) होतं, त्यावर ४ जीबीची फाइलही बसत नाही. म्हणून हळद, सीमांतपूजन, लग्न असे वेगळे तुकडे केले. आजीने सर्वांत आधी हळदीचा व्हिडिओ लावला, आणि सलग पाहिला.