कृत्रिम पायाने स्केटबोर्ड शिकताय? या चुका टाळा

बोर्ड डुगडुगतो म्हणून ट्रकचा, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागाचा, मधला नट आवळायचा, ही गुडघ्याखालून कृत्रिम पाय असलेल्या नवशिक्यांची सगळ्यात घातक चूक. बोर्ड वळतो तो घोट्याच्या दाबाने. चवड्यावर किंवा टाचेवर भार दिला की ट्रक त्या बाजूला झुकतो. जयपूर फूट असो की कार्बनचा पाय, त्यातला घोटा स्वतःहून दाब देत नाही. भार गुडघ्यातून आणि कमरेतून द्यावा लागतो, आणि आवळलेला ट्रक तेवढ्याला दाद देत नाही.

साताऱ्यातला एक कॉलेजचा मुलगा नट शेवटपर्यंत पिळून अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गेला. वळणावर बोर्ड सरळच निघाला. वळवायला तो कमरेतून बोर्डच्या बाहेर झुकला, बोर्ड पायाखालून निसटला आणि तो खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं. धाडस भरपूर होतं, नट दोन फेरे जास्त आवळला होता.

१४ चा पाना घ्या. नट पाव फेरा सैल करा, सपाट जागी बोर्डवर उभे राहून गुडघे डावी-उजवीकडे न्या. झुकत नसेल तर आणखी पाव फेरा. बोल्टचं टोक मात्र नटाच्या आत जाता कामा नये. अंगाने हलके असाल तर बुशिंगच, म्हणजे ट्रकमधली रबरासारखी कडी, बदला: बोर्डसोबत बहुधा ९० ए च्या आसपासची येतात (‘ए’ हे कडकपणाचं माप, आकडा कमी तेवढी मऊ), ८० ते ८५ ए ची बसवा. सैल ट्रकवर मोठं चाक फळीला घासून बोर्ड जागीच थांबतो, म्हणून ट्रक आणि फळी यांच्यामध्ये ६ मिमीची रायझर पट्टी (उंची वाढवणारी) हवीच.

मोठं चाक का? उसाच्या हंगामात रस्त्यावर पडलेली कांडी आणि कडेची खडी. ५२ मिमीचं कडक चाक बारीक खड्यावर अडतं आणि हादरा सॉकेटमधून (कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीतून) थेट स्टंपला, म्हणजे उरलेल्या पायाला, बसतो. ६० मिमी, ७८ ए घ्या.

बुटांची चूक लोक चूक मानतच नाहीत. कृत्रिम पायाचा कोन ठरावीक उंचीच्या टाचेसाठी जुळवलेला असतो. स्केटिंगचा सपाट बूट घातला की नडगी मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि वाकवून उभं राहणं अवघड होतं. जुन्या आणि नव्या बुटाच्या टाचेखालची जाडी मोजा, प्रत्येकीतून त्याच बुटाच्या चवड्याखालची वजा करा. दोन उत्तरांत जेवढा फरक येईल तेवढ्या जाडीचा कडक फोम नव्या बुटात टाचेखाली घाला.

सॉकेटखालच्या जोडाचे स्क्रू स्वतः पिळू नका, कोन बिघडतो. त्यांवर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी बोर्डला हात लावायचा नाही.

सांगलीच्या उन्हाळ्यात दर २० मिनिटांनी लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) काढून स्टंप पुसा. लाली १० मिनिटांत गेली नाही तर घरी जा, हट्ट करू नका. पाय सॉकेटमध्ये वरखाली सरकायला लागला तर एक मोजा वाढवा.

आणि उतारावर सुरुवात नको. पहिले दोन आठवडे बोर्ड सतरंजीवर. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण ढकलायचं कोणत्या पायाने ते इथेच ठरतं: फक्त कृत्रिम पायावर १० सेकंद उभं राहता येत नसेल, तर बोर्डवर चांगला पाय ठेवा आणि कृत्रिम पायाने ढकला.