रेशनचं धान्य चालू करायचंय? अर्जासाठी मदत कुठं आणि कशी मागायची

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, रेशन कार्ड मिळणं वेगळं आणि धान्य चालू होणं वेगळं. महाराष्ट्रात कितीतरी घरांत केशरी कार्ड आहे पण दाणाही मिळत नाही, आणि लोकांना वाटतं केशरी म्हणजे नसतंच मिळत. आमच्या शेजारच्या काकू तीन वर्षं असंच समजून गप्प बसल्या होत्या. तसं नाहीये हो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंब नावाचा गट आहे, वर्षाचं उत्पन्न गावात 44,000 आणि शहरात 59,000 च्या आत असेल तर केशरीवाल्यांनाही त्यात घेता येतं. एकदा नाव बसलं की महिन्याला माणशी 5 किलो धान्य, आणि अंत्योदय कार्ड (सगळ्यात गरीब घरांना मिळतं ते) असेल तर अख्ख्या कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे फुकट आहे, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

पहिली मदत रेशन दुकानातच मागा. कार्ड घेऊन जा आणि दोनच प्रश्न विचारा, माझ्या रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर (आधारचा नाही) आहे का, आणि मशीनवर माझी योजना कुठली दाखवतेय. बारा अंकी नंबरच नसेल तर तुमचं कार्ड ऑनलाईन झालेलं नाही, नंबर आहे पण योजनेत अंत्योदय किंवा प्राधान्य दिसत नाही तर कार्ड ठीक आहे पण धान्याला नाव लागलेलं नाही. दोन्हीचे अर्ज वेगळे असतात, हे न विचारता थेट ऑफिसला गेलं की नुसते हेलपाटे होतात.

मग अर्ज कुठं? तालुक्याला तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, मुंबई-ठाण्याकडे शिधावाटप कार्यालय, पुण्यात अन्नधान्य वितरणचं परिमंडळ कार्यालय. मोबाईल नीट वापरता येत असेल तर आरसीएमएस महाफूड या रेशन कार्डाच्या सरकारी साईटवर स्वतःच लॉगिन करून भरता येतं, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून देतात, तिथं फी किती ते आधी विचारायचं आणि पावती घ्यायची. हजारो रुपये मागून "करून देतो" म्हणणारे बाहेर उभे असतात त्यांच्याकडे ओरिजनल कागद अजिबात देऊ नका, अगदी ओळखीचा निघाला तरी नाही. वाचता-लिहिता येत नसेल तर अंगणवाडी ताई, आशाताई, बचत गटातली कुणी शिकलेली बाई, ग्रामपंचायत सदस्य, कॉलेजला जाणारी भाची, कुणालाही सोबत घ्या पण एकटं जाऊ नका, सोबत माणूस असला की खिडकीवरचं बोलणं बदलतं हे मी स्वतः पाहिलंय.

कागद म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पत्त्यासाठी लाईट बिल किंवा भाडेकरार, जुनं कार्ड असेल तर ते. सगळ्यात जास्त अडकतं ते मात्र एका कागदावर, नाव कमी केल्याचा दाखला. काकूंचं तेच झालं. लग्नाला बावीस वर्षं झाली, दोन मुलं मोठी झाली, आणि कॉम्प्युटरवर त्यांचं नाव अजून माहेरच्या कार्डात! एक आधार दोन कार्डांत चालत नाही, म्हणून इकडचा अर्ज दरवेळी परत यायचा आणि कारण कुणी नीट सांगायचंच नाही. शेवटी त्यांच्या भावाने तिकडच्या तहसीलला अर्ज देऊन नाव कमी करून घेतलं, दाखला पाठवला आणि मग गाडी पुढं सरकली. लग्न होऊन आलेल्या सुना, भावापासून वेगळे झालेले, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, सगळ्यांनी हा दाखला आधी काढा, बाकीचं नंतर.

एवढं करूनही "इष्टांक शिल्लक नाही" असं ऐकायला मिळू शकतं. इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याचा ठरलेला कोटा, राज्याला साधारण सात कोटींचा आहे आणि तो तालुक्यांना वाटलेला असतो. हे खोटंच असतं असं नाही, पण तोंडी ऐकून घरी यायचं नाही. अर्ज द्यायचाच, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घेऊन पोच घ्यायची, कारण मयत झालेल्यांची, स्थलांतर केलेल्यांची नावं कमी झाली की जागा होते आणि तेव्हा तुमचा अर्ज तिथं असायला हवा. नाकारत असतील तर कारण लेखी मागा, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने ते द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. काकूंना पोच मागताना भीती वाटत होती, साहेब चिडतील म्हणून. मी म्हटलं काकू, मागा, आपला हक्काचा कागद आहे. साहेबांनी काही न बोलता शिक्का मारून दिला.

नाव लागलं की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लगेच करून घ्या, घरातल्या प्रत्येकाची, नाहीतर धान्य थांबू शकतं. धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बायकांचे अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, तेव्हा हात धुऊन कोरडे करून दुसरं बोट लावून बघा. तरी नाहीच झालं तर मेरा ई-केवायसी अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होतं. कामासाठी दुसऱ्या शहरात असाल तर तिथल्या कुठल्याही रेशन दुकानातून याच कार्डावर धान्य घेता येतं, त्यासाठी नवीन कार्ड काढत बसू नका.

दर महिन्याला मशीनमधून निघालेली पावती मागून घ्या आणि वजन जुळतंय का ते दुकानातच बघा. कमी दिलं, पैसे मागितले किंवा दुकान बंदच ठेवलं तर 1967 वर फोन करा, तक्रार नंबर लिहून घ्या. काकू तो नंबर कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच, पावत्यांच्या मागे पेनाने लिहून ठेवतात.