आधी निंदण, मग खत : गावातला जुना कॉम्प्युटर हलका आणि सुरक्षित कसा ठेवावा

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात शेजारच्या काकाजींनी मला घरी बोलावलं. "बाबू, याले काई तरी कर बाप्पा. मी बटन दाबतो अन् ढोरं पाजून येतो, तरी हा उघडत नाही. सोयाबीन विकलं का नवाच घेऊन टाकतो."

४ जीबी रॅमचा, फिरत्या हार्ड डिस्कचा डेस्कटॉप. आत पाहिलं तर दोन अँटिव्हायरस, त्यातला एक मुदत संपलेला. 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणणारं एक क्लीनर. ड्रायव्हर (प्रिंटर, आवाज, स्क्रीन वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करून देणारं आणखी एक. मशीन हळू झालं म्हणून प्रत्येक वेळी कोणीतरी काहीतरी टाकत गेलं होतं, आणि टाकलेल्या प्रत्येक औषधानं दुखणं वाढवलं होतं. मी तिथे दीड तास बसलो. नवं काहीच टाकलं नाही, फक्त काढत गेलो. आता काकाजी बटन दाबून खुर्ची ओढेपर्यंत स्क्रीन तयार असतो. सोयाबीनचे पैसे घरातच राहिले.

तणासकट वावराला खत दिलं तर पिकाआधी तणच फोफावतं, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

१. खातंय कोण ते बघा

कॉम्प्युटर सुरू करून पाच मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त रॅम खाणारा वर येतो, 'डिस्क'वर क्लिक केलं की डिस्क रगडणारा. काही न उघडताही डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर हळूपणाचं मूळ बहुतेक तिथेच आहे. वरची पाच नावं वहीत लिहून घ्या. बटन दाबल्यापासून काम करता येईपर्यंत किती मिनिटं लागली, तेही लिहा. नाहीतर फरक पडला की नाही, हे नुसत्या अंदाजावर राहतं.

२. काढा

सेटिंग्ज उघडा, अ‍ॅप्समध्ये जा आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचा. क्लीनर, बूस्टर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची आतली नोंदवही) दुरुस्त करणारे, ड्रायव्हर शोधणारे, ब्राउझरला चिकटलेले टूलबार हे सगळं काढून टाका. रजिस्ट्री साफ केल्यानं वेग वाढल्याचं मी आजवर एकाही मशीनवर पाहिलं नाही. बिघडलेलं मशीन मात्र पाहिलं आहे.

दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच ठेवू नका. उघडलेली प्रत्येक फाइल दोघंही तपासायला धावतात आणि एकमेकांच्या कामात पाय घालतात. मुदत संपलेला तर आणखी वाईट: जागा अडवतो आणि नवे व्हायरस ओळखत नाही. तो पूर्ण काढा, मशीन रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस आतच असतो, दुसरा अँटिव्हायरस गेला की तो आपसूक जागा होतो. झाला की नाही ते 'विंडोज सिक्युरिटी' उघडून स्वतः पाहा, गृहीत धरू नका.

मग पुन्हा टास्क मॅनेजरमध्ये जाऊन 'स्टार्टअप' भाग उघडा. मशीनबरोबर उठणाऱ्या सगळ्यांची यादी इथे असते. व्हिडिओ कॉलिंगची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरचे मदतनीस यांना 'डिसेबल' करा. यानं प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. नाव ओळखीचं नसेल तर तसंच राहू द्या.

३. डिफेंडर नीट बसवा

घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, हे मी जबाबदारीनं सांगतो. फक्त तीन गोष्टी तपासा. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू हवं. 'टँपर प्रोटेक्शन' चालू हवं, म्हणजे एखाद्या व्हायरसला डिफेंडर गुपचूप बंद करता येत नाही. आणि 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू करा. त्यानं अनोळखी प्रोग्रामला तुमच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरात हात घालता येत नाही. कधीमधी ते चांगल्या प्रोग्रामलाही अडवतं, तेव्हा त्याच पानावर त्याला परवानगी देता येते.

मशीनमध्ये काही शिरल्याचा संशय असेल तर 'स्कॅन ऑप्शन्स'मधलं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. विंडोज पूर्ण उठायच्या आधीच ते तपासतं, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला वाव राहत नाही. मध्येच लाइट जाणार नाही अशी वेळ पाहून ते लावा.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. फुकटचं, कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना आली की तिथेच हात मागे घ्या. घराचं कुलूप काढून ठेवायला सांगणारा पाहुणा कोण असेल, ते ओळखा. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारी रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून मोठ्या प्रमाणात पसरली आहे. पत्र, अर्ज, हिशेब यांसाठी लिबरऑफिस मोफत आहे, मराठी त्यात उत्तम चालते.

४. पेन ड्राइव्ह

आपल्या भागात धोका इंटरनेटइतकाच पेन ड्राइव्हमधून येतो. पीक विम्याचा अर्ज, सातबारा, पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म, सगळं पेन ड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात न्यायचं. तिथे त्याच मशीनला दिवसभर दहा गावांचे पेन ड्राइव्ह लागतात. दुकानदाराचा त्यात दोष नसतो, गर्दीच तेवढी असते.

घरी आल्यावर पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब आणि त्याच नावांचे शॉर्टकट दिसले तर घाबरू नका, पण त्यावर डबल क्लिकही करू नका. तुमच्या फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. तो शॉर्टकट उघडला की व्हायरस घरच्या मशीनमध्ये उतरतो. आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. तुमचे फोल्डर फिकट रंगात दिसतील. कागदपत्रं तेवढी कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा.

पुढच्यासाठी सवय बदला. दुकानात न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात त्या दिवसाची एकच फाइल असू द्या. त्याहून बरं म्हणजे पीडीएफ दुकानाच्या ई-मेलवर पाठवा. स्वतःच दुकान चालवत असाल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं मोफत साधन मिळतं, ते पाहा.

त्याच 'व्ह्यू'मध्ये 'हाइड एक्स्टेन्शन्स' असं लिहिलेली खूणही काढून टाका. 'सातबारा डॉट पीडीएफ' दिसणाऱ्या फाइलीचं खरं नाव 'सातबारा डॉट पीडीएफ डॉट ई-एक्स-ई' असू शकतं. शेवटची तीन अक्षरं दिसली की कागद कोणता आणि प्रोग्राम कोणता, हे कळतं. या एका खुणेनं जितकं वाचतं, तितकं कित्येक विकतच्या सॉफ्टवेअरनं वाचत नाही.

५. अपडेट, मोबाइलच्या डेटावर

गावात बहुतेकांचा कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी. म्हणून लोक अपडेट कायमचे बंद करून टाकतात, आणि ही चूक महागात पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर व्हायरस जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते सापडले.

मी असं करतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आपला हॉटस्पॉट निवडून 'मीटर्ड कनेक्शन' चालू ठेवतो, मग विंडोज स्वतःहून मोठं काही ओढत नाही. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र होते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी, दिवसाचा डेटा शिल्लक असताना, मीटर्ड बंद करून अपडेट घेतो. रात्री १२ नंतर नवा डेटा मिळतो, त्यामुळे उरलेलं त्यात होतं. झालं की मीटर्ड परत चालू. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' मात्र बंदच ठेवा. ते चालू असेल तर तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना अपडेट पाठवले जाऊ शकतात, डेटा तुमचा खर्चून.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, जुनी मशीनं तिथे अडतात. अशा मशीनला मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकतो, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. ती २ जीबी रॅमवरही उठते, ४ वर सुखानं चालते आणि मोफत आहे. टायपिंग परीक्षेचं सराव सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचा डोंगल घरी वापरात असेल, तर मात्र आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून, काम होतं का ते पाहा. पटल्यावरच डिस्कवर टाका.

६. पोरांचं खातं वेगळं

रोजच्या वापराला 'स्टँडर्ड यूजर' खातं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याजवळ ठेवा. गेमच्या नावाखाली काही शिरू पाहिलं तर मशीन आधी पासवर्ड मागतं. एवढ्या अडसरानंही पुष्कळ काही थांबतं.

ब्राउझरमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी साइट काढा. निकाल पाहताना कुठेतरी 'अलाउ' दाबलेलं असतं आणि मग कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' म्हणून जाहिराती येत राहतात. पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारा, फोन नंबर दाखवणारा इशारा आला तर तो नंबर लावू नका. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कोणी फोनवर एनीडेस्कसारखं, दुरून तुमचं मशीन चालवू देणारं काही टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कॉल करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं कठीण.

७. धूळ, ऊन, लाइट

सोयाबीन काढताना उडणारी धूळ आणि घरात साठवलेल्या कापसाचे तंतू पंख्यात अडकले की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात 'व्हायरस आला' म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक मशीनांना फक्त झाडायची गरज होती. हंगाम संपला की प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि ब्लोअर किंवा हातपंपानं हवा मारा. पातं मोकळं सोडून हवा मारली तर पंखा खराब होऊ शकतो. डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवाच, अपडेटच्या मधोमध लाइट गेली तर विंडोज बिघडू शकतं.

खिशात पैसे असतील तर ते अँटिव्हायरसवर घालवण्याऐवजी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला. फिरत्या डिस्कच्या जागी २५६ जीबीचा साटा (जुन्या डिस्कच्याच वायरला लागणारा) एसएसडी बसवला की जुनं मशीन ओळखू येत नाही. दुसरा खर्च ४ जीबी रॅमची ८ करण्याचा. क्रम हाच ठेवा.

८. प्रत

काढलेली जुनी हार्ड डिस्क फेकू नका. ती चांगली असेल तर यूएसबीच्या डबीत बसवा. महिन्याला एकदा फोटो, सातबारा, मार्कशीट, बँकेचे कागद तिच्यावर उतरवा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. काकाजींनी आपल्या प्रतीच्या डिस्कवर खडूनं 'कागद' लिहिलंय आणि ती जमिनीच्या खरेदीखताशेजारी ठेवलीय.